चेहऱ्यांची गर्दी: मराठी व्हीसीडी-डीव्हीडीच्या कव्हरांवरील आक्षेपांना उत्तर

मराठी चित्रपटाच्या व्हीसीडीचे कव्हर म्हणजे साधारण १२ सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद असा छापील कागद. डीव्हीडीचे कव्हर मोठे असते. सुमारे २७ सेंटिमीटर रुंद आणि १८ सेंटिमीटर उंच अशा एकाच तावावर पुढची बाजू, मधला कणा आणि मागची बाजू छापतात आणि तो ताव प्लास्टिकच्या डबीवरच्या पारदर्शक आवरणात सरकवतात. गेल्या शतकाच्या अखेरीपासून पुढची पंधराएक वर्षे मराठी माणसाने जो चित्रपट विकत घेऊन घरी नेला, तो या कागदासह नेला. कॅसेटच्या दुकानातल्या फळीवर, पुस्तकांच्या दुकानातल्या फिरत्या स्टँडवर, एसटी स्थानकावरच्या स्टॉलवर गिऱ्हाईक आणि चित्रपट यांची पहिली भेट याच कागदावर होत असे. आता ती दुकाने बंद झाली, डब्या माळ्यावर गेल्या. पुण्यात ही कव्हरे पाहायची तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात जावे लागते.

पुण्याच्या चित्रपटरसिकांत या कागदाविषयी एक मत इतके रुजले आहे की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटत नाही. ते मत असे: मराठी व्हीसीडी-डीव्हीडीची कव्हरे कुरूप असतात. त्यांवर चेहऱ्यांची गर्दी असते, रंग भडक असतात, अक्षरे ओबडधोबड असतात, कृष्णधवल चित्रपटालाही रंग फासलेला असतो. चांगले कव्हर म्हणजे एकच प्रतिमा, भोवती मोकळी जागा आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत नाव. तेवढे जमत नसेल तर मूळ पोस्टर तरी छापावे. आणि तेही होणार नसेल तर कव्हर फेकून द्यावे आणि डिस्क साध्या पाकिटात ठेवावी, कारण महत्त्व चित्रपटाला आहे, कागदाला नाही. फिल्म सोसायटीच्या खेळानंतरच्या चहापासून संग्राहकाच्या कपाटापर्यंत हे मत जवळजवळ याच क्रमाने ऐकू येते. त्यातला जवळपास प्रत्येक मुद्दा चुकीचा आहे, आणि त्या चुकीची किंमत मराठी चित्रपटाच्या इतिहासाला मोजावी लागते आहे.

सर्वांत मोठा आक्षेप चेहऱ्यांच्या गर्दीवर आहे, म्हणून आधी तोच घ्यावा. ‘अशी ही बनवाबनवी’ हा १९८८ चा चित्रपट उदाहरणाला सोयीचा आहे, कारण तो पाहिला नाही असा मराठी प्रेक्षक विरळा. पुण्यात भाड्याची खोली शोधणारे चार मित्र, त्यातल्या दोघांनी घेतलेली बायकांची सोंगे, घरमालकीण, प्रेयस्या, नातेवाईक असा हा माणसांनी भरलेला चित्रपट. त्याची गंमत एकट्या कोणाच्या चेहऱ्यात नाही. अशोक सराफ, सचिन, लक्ष्मीकांत बेर्डे आणि सिद्धार्थ रे एका खोलीत कोंडले गेले की जे घडते, त्यात ती आहे. अशा चित्रपटाच्या कव्हरावर आठ चेहरे दाटीवाटीने बसवले तर त्यात लबाडी कोणती? चित्रपटात गर्दी आहे, म्हणून कव्हरावर गर्दी आहे. याउलट रसिकांच्या पसंतीचे कव्हर कसे होईल, याची कल्पना करून पाहावी. पांढऱ्या पार्श्वभूमीवर एक लुगडे आणि त्यावर एक मिशी. हे चित्र ज्याने चित्रपट पाहिला आहे त्याला लगेच कळेल आणि आवडेलही. ज्याने पाहिला नाही त्याला त्यातून काय कळणार? कव्हराचे पहिले काम तर चित्रपट न पाहिलेल्या माणसाशी बोलण्याचे आहे. ज्याने तो वीसदा पाहिला आहे त्याला दुकानात थांबवायला मिशीची गरज नाही, नाव पुरते.

चेहऱ्यांची ही रीत कोणा कंपनीच्या विक्रेत्याने एका दुपारी शोधून काढलेली नाही. मराठी प्रेक्षक नाटकाला जाताना आधी ‘कोण कोण आहे?’ असे विचारत आला आहे, आणि नाटकाची जाहिरात या प्रश्नाचे उत्तर देत आली आहे. १९८२ च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली, पाठोपाठ व्हीसीआर आले आणि गल्लोगल्ली व्हिडिओ लायब्रऱ्या निघाल्या. तिथेही सभासद दिग्दर्शकाचे नाव क्वचितच घेत असे. त्याला ‘लक्ष्याचा’ किंवा ‘अशोक सराफचा’ पिक्चर हवा असे. ‘धूमधडाका’ (१९८५), ‘गंमत जंमत’ (१९८७), ‘थरथराट’ (१९८९), ‘झपाटलेला’ (१९९३) हे सगळे चित्रपट घरोघरी पोहोचले ते याच ओळखीच्या बळावर. चेहरा म्हणजे या बाजारातली अनुक्रमणिका होती. आणि ती फक्त महाराष्ट्रापुरती नव्हती. सुटीत पुण्याला आलेली परदेशातली मराठी कुटुंबे परतताना डझनावारी डिस्क घेऊन जात. त्यांच्या मुलांना देवनागरी वाचता येत नसे. मग त्या मुलांनी आपल्या आवडीचा चित्रपट फळीवरून ओळखायचा कशावरून? त्यांच्यासाठी लक्ष्मीकांत बेर्डे यांचा चेहरा हेच चित्रपटाचे शीर्षक होते. कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांनी त्यांच्यासाठी हे काम केले असते का?

एकाच प्रतिमेचा आग्रह गंभीर चित्रपटाला तरी लागू पडेल, असे वाटण्याचा संभव आहे. तिथे तो अधिकच कोसळतो. जब्बार पटेल यांचा ‘सिंहासन’ (१९७९) घ्यावा. त्याच्या कव्हरासाठी रसिकाला जी पहिली कल्पना सुचते ती रिकाम्या खुर्चीची. पण रिकामी खुर्ची जे सांगते ते शीर्षकाने आधीच सांगितले आहे. शीर्षकाखाली शीर्षकाचेच चित्र काढले तर कव्हराने नवे काय दिले? अरुण साधू यांच्या दोन कादंबऱ्यांवर उभा असलेला हा चित्रपट त्या खुर्चीभोवतीच्या माणसांचा आहे. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री, श्रीराम लागूंचा विश्वासराव दाभाडे आणि हे सगळे पाहत पाहत आतून मोडत जाणारा निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस. या माणसांच्या चेहऱ्यांवर सत्तेने जे केले तोच या चित्रपटाचा विषय आहे. ते चेहरे काढून टाकणारे कव्हर दिसायला शांत असेल, पण त्या शांततेसाठी चित्रपटच बाहेर काढावा लागतो. गर्दीत क्रम लावणे, कोणाला पुढे आणि कोणाला मागे ठेवायचे ते ठरवणे, कोणाची नजर कोणाकडे वळवायची याचा विचार करणे हे अवघड काम आहे आणि पुष्कळ कव्हरांत ते नीट झालेले नाही. तेवढे मान्य करता येते. पण वाईट रचलेल्या गर्दीवर उपाय म्हणजे चांगली रचलेली गर्दी. माणसे हाकलून देणे हा उपाय कसा होईल?

मूळ पोस्टर छापण्याची मागणी ऐकायला रास्त वाटते. ती करणाऱ्यांनी हातात फूटपट्टी घेतलेली नसते. भारतात चित्रपटाच्या पोस्टरचे नेहमीचे माप ३० × ४० इंच, म्हणजे सुमारे ७६ × १०२ सेंटिमीटर. डीव्हीडीच्या पुढच्या बाजूची रुंदी १३ सेंटिमीटर. म्हणजे पोस्टर जवळजवळ सहा पटींनी आणि क्षेत्रफळाच्या हिशेबाने पस्तीसेक पटींनी आकसावे लागते. पोस्टरवर अर्धा इंच उंचीचे असलेले अक्षर कव्हरावर दोन मिलिमीटरचे होते. व्हीसीडीची अडचण आणखी मोठी. पोस्टर उभे, कव्हर चौरस. पूर्ण रुंदी ठेवायची तर पोस्टरचा चौथा हिस्सा उंचीतून कापावा लागतो, आणि पोस्टरच्या तळाशीच तर नावे असतात. पोस्टर रस्त्यावरून जाणाऱ्या माणसासाठी, सायकलवरून किंवा बसच्या खिडकीतून पाहणाऱ्यासाठी काढलेले असते. कव्हर हातात धरून, उलटून पाहणाऱ्यासाठी असते. एकाच्या जागी दुसरे चिकटवणे म्हणजे रंगमंचावरचा पडदा कापून त्याचा रुमाल करणे.

शिवाय ‘मूळ’ पोस्टर म्हणजे कोणते? प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झाली, १९३३ मध्ये पुण्यात आली आणि तिने आपले कित्येक चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन आवृत्त्यांत काढले. ‘कुंकू’चा ‘दुनिया न माने’, ‘माणूस’चा ‘आदमी’, ‘शेजारी’चा ‘पडोसी’. दोन्ही आवृत्त्यांची जाहिरात वेगळी. त्यानंतर हे चित्रपट वर्षानुवर्षे पुन:पुन्हा लागले आणि प्रत्येक वेळी नवी पोस्टरे निघाली. यांतले मूळ कोणते आणि नक्कल कोणती? पोस्टर ही मूर्तीसारखी एकदा घडवून प्रतिष्ठापना केलेली वस्तू नव्हतीच. ते त्या त्या आठवड्याचे, त्या त्या गावाचे, त्या त्या थिएटरचे काम होते. कव्हर हा त्याच मालिकेतला पुढचा तुकडा आहे. त्याने मागच्या तुकड्याची प्रत व्हावे, ही अपेक्षा त्या परंपरेलाच धरून नाही.

रंगांविषयीचा आक्षेप याहून कच्चा आहे. कृष्णधवल चित्रपटाच्या कव्हरावर रंगीत चेहरे छापणे म्हणजे खोटेपणा, असे ठासून सांगितले जाते. पण मूक आणि कृष्णधवल बोलपटांच्या काळातली पोस्टरे रंगीतच होती. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचे ‘कल्याण खजिना’चे १९२४ चे पोस्टर आज उपलब्ध भारतीय चित्रपट-पोस्टरांत सर्वांत जुने मानले जाते, आणि ते रंगवलेले आहे. बाबूराव नाटकांचे पडदे रंगवत रंगवत चित्रपटाकडे आले. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिकलेले दामले, फत्तेलाल आणि शांताराम पुढे प्रभातचे भागीदार झाले. या माणसांना कॅमेऱ्यात रंग मिळत नव्हता म्हणून त्यांनी तो कागदावर भरला. कॅमेऱ्यातही तो आणण्याची त्यांची धडपड होतीच. ‘सैरंध्री’ हा चित्रपट १९३३ मध्ये रंगीत करण्याचा प्रयत्न प्रभातने जर्मनीत प्रक्रिया करवून केला आणि तो फसला. अशा कंपनीच्या चित्रपटाच्या कव्हरावर रंग दिसला तर तिचा अपमान झाला, हे कोणी ठरवले? प्रभातच्या कलावंतांना काळ्या-पांढऱ्याचे सोवळे नव्हते. ते सोवळे नंतरच्या रसिकांचे आहे. गुलाबी गाल आणि निळे ओठ असा संगणकावर झालेला ओंगळ रंग अर्थातच वाईट आहे. तो वाईट आहे कारण तो वाईट भरला आहे, रंग आहे म्हणून नव्हे.

अक्षरांचा मुद्दा पुण्याला जवळचा आहे आणि त्याविषयी जरा सविस्तर बोलणे गरजेचे आहे. हाताने काढलेल्या शीर्षकांची मराठीत मोठी परंपरा होती. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींत केलेले अक्षरांकन पाहून नाटकाचा स्वभाव कळत असे. व्हीसीडीच्या काळात मात्र शीर्षक बहुधा डीटीपी ऑपरेटरने संगणकावर जुळवले. त्याच्यापुढे देवनागरीचे जे फॉन्ट होते ते प्रामुख्याने पुण्यातलेच. मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि सी-डॅकचे आयएसएम. हे फॉन्ट पुस्तकांचा, लग्नपत्रिकांचा, वर्तमानपत्रांचा मजकूर जुळवण्यासाठी उत्तम होते. चित्रपटाच्या नावासाठी ते पुरे पडत नव्हते. मग ऑपरेटर त्याच अक्षराला जाड कडा, सावली आणि सोनेरी रंग देऊन त्यात भर घालू पाही. अक्षरे ओबडधोबड दिसतात ती याच कारणाने, आणि हे कारण मराठी अक्षराच्या इतिहासाचा एक भाग आहे. हाताची अक्षरे संपून यंत्राची अक्षरे सुरू झाली, त्या सांध्याचा पुरावा या कव्हरांइतका ठळक दुसरीकडे कुठे सापडेल? आणखी एक अडचण कण्याची. इंग्रजी नाव उभ्या कण्यावर आडवे करून छापले तरी चालून जाते. देवनागरीची शिरोरेषा उभी झाली की वर-खालच्या मात्रा आणि वेलांट्या १४ मिलिमीटरच्या पट्टीत आक्रसून बसतात. फळीवर तर डबीचा फक्त कणा दिसतो. या अडचणीवर मराठी कव्हरांनी काय काय तोडगे काढले, याकडे एकाही तक्रारखोराने लक्ष दिलेले नाही.

तुलनेसाठी नेहमी पुढे केली जाते ती अमेरिकेची क्रायटेरियन मालिका. १९८४ मध्ये ‘सिटिझन केन’ आणि ‘किंग काँग’च्या लेझरडिस्कपासून सुरू झालेल्या या मालिकेची कव्हरे सुंदर असतात, यात वाद नाही. सत्यजित राय यांची अपू चित्रत्रयी या मालिकेत २०१५ मध्ये ज्या देखण्या रूपात आली, ते पाहून पुण्यातल्या रसिकाला हेवा वाटणे स्वाभाविक आहे. पण त्या मालिकेची एक डिस्क तीस ते चाळीस डॉलरना विकली जाते. मोझर बेअर कंपनीने २००७ च्या सुमारास भारतीय बाजारात व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली. या २८ रुपयांत दोन डिस्का, छपाई, वेष्टन, वाहतूक, दुकानदाराचा वाटा आणि चित्रपटाच्या हक्कांची किंमत एवढे सगळे बसवायचे होते. चित्रकाराला त्यातून किती पैसे उरणार होते? क्रायटेरियनचे गिऱ्हाईक दिग्दर्शकाचे नाव आधी वाचून आलेले असते, त्यामुळे कव्हराने त्याच्याशी कोड्यात बोलले तरी चालते. २८ रुपयांची व्हीसीडी घेणारा माणूस बाजाराची पिशवी हातात घेऊन उभा असे, आणि त्याला गाडी गाठायची असे. त्याच्या घरी पहिल्यांदाच स्वत:चा चित्रपट जाणार होता. त्याच्याशी स्पष्ट, मोठ्या आवाजात बोलणारे कव्हर हे त्याचा मान राखणारे कव्हर आहे. त्याला अभिरुची नाही असे म्हणणाऱ्यांनी आधी त्याच्या आणि आपल्या पाकिटातला फरक पाहावा.

वेष्टनावरच्या दाटीला आणखी एक कारण आहे, आणि ते कायद्यात आहे. १९८४ च्या दुरुस्तीने प्रतिमुद्राधिकार कायद्यात कलम ५२ अ आले. व्हिडिओ चित्रपटाच्या कॅसेटवर किंवा वेष्टनावर सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत, व्हिडिओ काढणाऱ्याचे नाव आणि पत्ता, हक्कधारकाची परवानगी घेतल्याचे त्याचे निवेदन आणि हक्कधारकाचे नाव आणि पत्ता हे सगळे छापणे त्याने बंधनकारक केले. त्या काळी चोरट्या कॅसेटींनी बाजार भरला होता. चोरट्या मालावर झेरॉक्सचा फिकट कागद असे किंवा तोही नसे. भरगच्च छापलेले, बोधचिन्हे आणि होलोग्राम मिरवणारे कव्हर हीच खऱ्या मालाची ओळख होती. रसिकाला जी मोकळी जागा हवी आहे, ती त्या बाजारात संशयाची जागा होती.

रसिकांना तक्रार करायचीच असेल तर खरी जागा इथे, मागच्या बाजूला आहे. आणि नेमके तिथे ते कधी पाहत नाहीत. पुढच्या बाजूच्या रंगांवर तासभर वाद घालणारा माणूस मागे चित्रपटाचे वर्ष छापले आहे का, हे उलटून बघत नाही. लांबी किती मिनिटांची? मूळ प्रतीपेक्षा ती कमी असेल तर काय कापले? प्रत कोणत्या छापावरून घेतली? उपशीर्षके आहेत का आणि कोणत्या भाषेत? छायालेखक, कलादिग्दर्शक, ध्वनिलेखक यांची नावे आहेत का? कित्येक मराठी कव्हरांवर यांतले काहीही नसते. नावांत चुका असतात, कधी दुसऱ्याच चित्रपटातले छायाचित्र मागे येऊन बसते. ही ढिलाई अक्षम्य आहे आणि ती कोणत्याही स्वस्ताईने झाकता येत नाही, कारण वर्ष बरोबर छापायला चुकीचे छापण्याइतकाच खर्च येतो. ‘संत तुकाराम’ (१९३६) हा चित्रपट १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्याच्या कव्हरावर विष्णुपंत पागनीसांचा चेहरा असणे योग्यच आहे. पण दिग्दर्शक दामले-फत्तेलाल यांची नावे पुढच्या बाजूवर ठळक नसतील आणि जिजाईची भूमिका करणाऱ्या गौरीचे नाव मागेही नसेल, तर तो दोष रंगाच्या छटेपेक्षा शंभरपट मोठा आहे. जिजाईशिवाय तो चित्रपट अर्धा आहे. या दोषासाठी एखाद्या रसिकाने कंपनीला कधी पत्र लिहिले का? चांगल्या-वाईटाचा निवाडा फक्त दर्शनी बाजूवर करणारे हे रसिक ज्या बाजारू वृत्तीला नावे ठेवतात, तीच वृत्ती स्वत: पाळत आहेत.

उरतो शेवटचा आणि सर्वांत घातक मुद्दा: कव्हराला महत्त्व नाही, डिस्क ठेवा आणि कागद टाका. या सल्ल्यानुसार पुण्यातल्या किती घरांत डब्या रद्दीत गेल्या आणि डिस्का काळ्या चेनच्या पाकिटांत गेल्या, ते सांगायला नको. हा सल्ला देणाऱ्यांना ज्या संस्थेचा अभिमान आहे, ती विधी महाविद्यालय रस्त्यावरची राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय ही संस्था नेमके उलटे सांगते. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या या संग्रहालयाने पी. के. नायर यांच्या काळापासून चित्रपटांच्या रिळांबरोबर पोस्टरे, छायाचित्रे आणि गाण्यांच्या पुस्तिकाही जमवल्या. त्या पुस्तिका काय होत्या? थिएटरच्या दारात काही पैशांना विकल्या जाणाऱ्या, स्वस्त कागदावर छापलेल्या, चेहऱ्यांनी भरलेल्या चोपड्या. त्या काळच्या सुसंस्कृत वाचकाने त्यांना कपाटात जागा दिली नाही. आज जे चित्रपट उरलेच नाहीत त्यांची पात्रयादी, गाणी आणि कथासार अशाच पुस्तिकांतून आणि जाहिरातींतून जुळवावे लागते. ‘आलम आरा’ (१९३१) हा पहिला भारतीय बोलपट नाहीसा झाला. त्याची जाहिरात आणि काही छायाचित्रे उरली, म्हणून त्याच्याविषयी थोडे तरी नेमके बोलता येते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारातल्या गोदामाला आग लागून नायट्रेटची मौल्यवान रिळे जळाली. रिळे जळतात, डिस्कवरचा थर सुटतो, व्हिडिओची मूळ टेप बुरशीने जाते. कागद बऱ्याचदा टिकतो. मग तो टाकायचा कशासाठी?

ही कव्हरे कोणी जपत नाही, कारण कायदाही त्यांना विचारत नाही. पुस्तके आणि वृत्तपत्रे ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांत जमा करण्याचा कायदा १९५४ चा आहे, तो व्हीसीडीच्या कागदाला लागू नाही. कव्हरे छापणाऱ्या कंपन्याही कायमच्या नाहीत. २८ रुपयांची व्हीसीडी आणणाऱ्या मोझर बेअरच्या अवसायनाचा आदेश २०१८ मध्ये निघाला. तिने छापलेल्या कव्हरांच्या मूळ फाइली आज कोणाकडे मागायच्या? सदाशिव आणि शनिवार पेठेतल्या छापखान्यांत, डीटीपीच्या खोल्यांत बसून ज्यांनी मराठी कव्हरे जुळवली, त्यांची नावे एकाही डबीवर नाहीत. त्यांच्या कामाचा पुरावा तेवढाच, तो कागद. हाताने रंगवलेली हिंदी चित्रपटांची पोस्टरेही एकेकाळी याच भाषेत धिक्कारली जात होती. २००२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने त्यांचे प्रदर्शन भरवले, आणि मग ती पोस्टरे दिवाणखान्यांत टांगण्याजोगी झाली. तोवर कितीतरी पोस्टरे पावसाळी छपरांवर ताडपत्री म्हणून वापरून संपली होती. पुण्याच्या रसिकांना कव्हरांचे मोलही लंडनहून कळायला हवे का?

डिस्कचे दिवस संपले आणि चित्रपट पडद्यावरच्या छोट्या चौकटीत आला. तिथे काय झाले तेही पाहावे. नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये स्वत:च जाहीर केले की एकाच चित्रपटासाठी ते वेगवेगळ्या प्रेक्षकांना वेगवेगळी चित्रे दाखवते, ज्याने आधी जे पाहिले त्यावरून. म्हणजे शेजारी बसलेल्या दोन माणसांना एकाच चित्रपटाचे कव्हर सारखे दिसेलच असे नाही, आणि उद्या ते कोणालाच दिसणार नाही. त्यावर वर्ष छापलेले नाही, छापखाना नाही, पत्ता नाही, मागची बाजूच नाही. ज्या व्हीसीडीच्या कव्हराला रसिकांनी बाजारू म्हटले, ते गाव, वय आणि खिसा न पाहता सर्वांना एकच चित्र दाखवत होते, आणि ते चित्र कोणी आणि कोणत्या हक्काने छापले हे खाली लिहून ठेवत होते. मराठी चित्रपटाच्या घरगुती प्रवासाचे इतके प्रामाणिक कागदपत्र दुसरे नाही. भडक असो, दाटीचे असो, त्याच्या अक्षरांना सोनेरी सावली असो, त्या कव्हराची जागा त्याच्या डबीत आणि डबीची जागा संग्रहालयात, त्याच चित्रपटाच्या रिळाशेजारी आहे. जुन्या बाजारात रविवारी दहा-वीस रुपयांना अजूनही अशा डब्या मिळतात, आणि गिऱ्हाईक त्यांतली डिस्क तपासून घेते आणि कागद तिथेच सोडून जाते.